चंद्रतालच्या अलीकडून

चंद्रतालला जायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. हट्ट आईचा. मोबाईलवर हिमाचलमधल्या त्या तलावाचे फोटो दाखवून दाखवून तिने आमचं डोकं खाल्लं होतं. पण उंची चौदा हजार फूट, आईचं वय अडुसष्ट, आणि मी जन्माची घाबरट! "डॉक्टर हो म्हणालेत ना? मग चलो यार," म्हणत माझ्या नवऱ्याने, समीरने, गाडीची सर्व्हिसिंगसुद्धा करून टाकली.

पहाटे फरीदाबाद सोडलं. मुरथलला पराठे खाल्ले आणि अंधार पडता पडता मनाली गाठली. टाकी तिथेच फुल करून घ्या, पुढे या रस्त्याला पंप नाही. उंचीची सवय व्हावी म्हणून एक मुक्काम सिस्सूला केला. होमस्टे दोन हजारात, वर गरमागरम राजमा-चावल. मी सारखी आईला विचारत होते, "डोकं दुखतंय का?" शेवटी ती कडाडली, "नाही दुखत! पण तू विचारून विचारून दुखवशील!"

ग्रंफूनंतर रस्ता नावालाच आहे. दगड, नाले, पुन्हा दगड. प्रत्येक नाल्यात माझा जीव मुठीत. आई मागे गप्प बसली होती, मला वाटलं डोंगर बघतेय. बातलच्या ढाब्यावर उतरली आणि भडाभडा ओकली. ओठ पांढरेफटक. मी धावत तिची पाण्याची बाटली काढली, तर सीलही तुटलेलं नव्हतं.

"आई, सकाळपासून पाणी प्यायली नाहीस?"

समीर लांब आहे ना, हे बघून ती हळूच म्हणाली, "रस्त्यात आडोसा कुठाय गं? जावयाला कितीदा गाडी थांबवायला सांगू?"

मला राग आला, रडूही आलं. ब्रेक, टायर, ऑक्सिजनचे डबे, सगळ्याची काळजी मी केली होती. हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"चौदाच किलोमीटर राहिलेत," आई हात धरून म्हणाली. "मी परत कुठली येतेय इथे?"

मी समीरला म्हटलं, "गाडी वळव."

कोकसरपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. मी घोट घोट पाणी पाजत होते. समीर मधूनमधून न सांगता गाडी थांबवायचा आणि लांब जाऊन पाठमोरा उभा राहायचा. सिस्सूला पोचलो तेव्हा तिने स्वतःहून चहा मागितला. हुश्श!

आईवडलांना नेणार असाल तर टॉयलेटचा घडीचा तंबू न्या, आणि थांबायचं का हे त्यांना विचारत बसू नका. सरळ थांबा.

घरी आल्यावर साताऱ्याहून मावशीचा फोन आला. आई सांगत होती, "पाहिला की! निळाशार! पोरीने अगदी काठापर्यंत नेलं." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "उगाच तुला नावं ठेवली असती तिने."