आइसक्रीमच्या डब्यातला भुंगा

भजनी मंडळात माझ्या गिटारच्या यंत्राला सगळे नुसतं 'डबा' म्हणतात. गिटारची वायर त्यात जाते, त्यातून पुढे भोंग्याच्या मशीनला. पायाने खटका दाबला की सूर लांबतो, सारंगीसारखा धरून ठेवता येतो. ते यंत्र मी घरीच केलेलं. शाळा सातवीपर्यंत, पण सगळा जन्म देवळीकडच्या लग्नांत माईक लावण्यात गेला, त्यामुळे तारांना कथलाचा डाग द्यायला हात बसलेला आहे. गिटार नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची.

यंत्र माझं, पण त्याचं घर बायकोचं. पितळेचा डबा, आतून कल्हई, तिच्या मायनं लग्नात दिलेला. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं. तिनेच काढून दिला.

"न्या हा. दोघालेही शुगर, आता लाडू कोण खाते या घरात?"

मी ड्रिल लावलं तेव्हा मात्र ओरडली, "माह्या मायच्या डब्याले भोकं पाडून राह्यला हा माणूस! लग्नातच समजाले पाहिजे होतं मले."

अशा यंत्राला धातूचं घर लागते. पंखा, ट्यूबलाइट, घरातली वायरिंग, सगळ्यांचा गूं गूं आवाज तारांमध्ये शिरायला टपलेला असते. धातूचा डबा तो बाहेरच अडवतो. पण त्यासाठी यंत्राची अर्थिंगची तार डब्याला डागलेली पाहिजे. स्टीलवर साधा डाग बसत नाही, पितळेवर मस्त बसते. मी ती हिरवी तार डब्याच्या तळाला आतून डागली होती. तिच्या डब्यात यंत्र होतं तोवर गिटार कशी गप्प राहायची. वाजवली की वाजायची, नाहीतर नाही. बायको भजनाची पहिली ओळ एकटीच उचलायची आणि मी खाली एक सूर धरून ठेवायचो. तेवढंच आमचं काम मंडळात.

मग ती गेली. कशी गेली ते लिहीत नाही.

आमच्या घरात रीत आहे. बाई गेली की तेरवीच्या दिवशी तिच्या नावाची भांडी तिच्या बहिणींना, नणंदांना देतात. मी बाहेर मंडपात माणसांत बसलो होतो. आत बायका नाव वाचून वाचून भांडी बाजूला काढत होत्या. संध्याकाळी सून म्हणाली, "मामाजी, तुमचं ते मशीन मी नीट काढून ठेवलं बरं. एक हिरवी वायर डब्यालेच चिकटून होती, निघत नव्हती, ती तेवढी कापली."

तिनं यंत्राच्या तारांचं सगळं जाळं आइसक्रीमच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात भरलं होतं. वरून रबर लावला होता. आता तिला काय बोलायचं? पोरगी जिवाभावानं राबली होती. मी म्हटलं, "बरं केलं."

पितळेचा डबा रोहणा गावी साळीकडे, बायकोच्या बहिणीकडे गेला.

पुढे बरेच महिने मी गिटारला हात लावला नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं ठरवलं, त्या दिवशी मंडळाचं भजन आपल्या घरी करायचं आणि तिचं भजन सुरू झालं की खाली तोच सूर धरायचा. दुसरं मला काही येत नाही. रडता येत नाही, चांगलं बोलता येत नाही.

मंडळात गिटार लावली आणि भुंगा सुटला. गूंऽऽऽ. तारांवर हात ठेवला की कमी, उचलला की पुन्हा. बुवांनी टाळ थांबवले.

"भाऊ, हा भुंगा कुठून पोसला?"

"डबा बदलला."

"मंग बंद करा त्याले. नाई तर त्या दिवशी तुम्ही टाळ घ्या हाती. बाईचं भजन आहे, त्यात हे बरं दिसते का?"

मी घरी आलो, लागलो कामाला. लायटीचा अडॅप्टर काढून बॅटरी लावली. तारा बदलल्या, जाळीवाल्या घातल्या. भुंगा थोडा दबला, गेला नाही. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणून डब्याला आतून लावला, त्याला अर्थिंगची तार टोचली. गप्प झाला! मी खटक्यावर पाय दिला, प्लास्टिक दबलं, कागद फाटून आतल्या डागांना टेकला, यंत्र मेलं. कागद सारखा केला, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शेवटी डबाच चिरला. मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. दिवा लावायची वेळ गेली, तोही लावला नाही.

कोणताही धातूचा डबा चालला असता. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी रोहण्याची बस धरली.

साळीनं चहा टाकला. फळीवरून डबा काढला आणि त्यातून साखर घेतली. माझा डबा. भोकं तिनं लाखेनं बुजवली होती.

"भाऊजी, या डब्याले भोकं काऊन होते? मुंग्याच मुंग्या. मी म्हटलं, माह्या बहिणीनं डब्याचं काय केलं हे?"

"माहीत नाई."

"आन आत ही तार पाहा." तिनं डबा वाकडा करून दाखवला. तळाशी माझा डाग, त्याला हिरव्या तारेचं बोटभर शेपूट, साखरेत बुडालेलं. "काढून फेकणार होती. मंग म्हटलं राहू दे, तिनं लावली असन. रोज चहाले हात लागते तिच्या नावाले." ती थांबली. "तुम्ही कसे काय आले? काही पाहिजे होतं का?"

मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत मागत नाहीत. आणि मागितलं असतं तर तिनं दिलंही असतं, तेच वाईट होतं.

"असाच आलो," मी म्हटलं. "श्राद्धाले येजो."

येताना देवळीला उतरून स्टीलचा डबा घेतला. भांड्याच्या दुकानदारानं नाव कोरायची मशीन हातात घेतली.

"काका, नाव कोणाचं टाकू?"

"राहू दे."

"अहो, फुकट आहे. बिना नावाचं भांडं कोणाच्याही घरी जाते."

"जाऊ दे."

स्टीलवर डाग बसेना, म्हणून भोक पाडून नटबोल्टनं तार आवळली. भुंगा गेला. खरंच गेला. कान लावून ऐकलं, काही नाही.

श्राद्धाच्या दिवशी साळी आली. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून पितळेचा डबा लाडवांनी भरून आणला आणि बहिणीच्या फोटोपुढे ठेवला. माझ्या पायाजवळ नवा डबा, समोर तो. बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मी खटका दाबून सूर धरला. एकदम स्वच्छ. पहिली ओळ एकटीनं उचलायला कोणी नव्हतं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी सूर धरूनच होतो, तो संपत आला, तेव्हा बुवांनी उचलली. त्यांची पट्टी वेगळी. माझा सूर त्यांच्या खाली बसला नाही. मी पाय काढून घेतला आणि भजन संपेपर्यंत गिटार मांडीवर धरून बसलो.

"आवाज बाकी साफ केला भाऊ," बुवा जाताना म्हणाले.

साळीनं उरलेले लाडू आमच्या ताटात काढले, डबा ओल्या फडक्यानं पुसला. आतली तार वाकली होती, ती बोटानं सरळ केली. मग झाकण लावून पिशवीत ठेवला.

"येतो भाऊजी. जेवत जा."

मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. पिशवी मीच धरली होती. बस आली, तशी ती तिच्या हातात दिली.