विलायती कॅमशाफ्ट

श्रीपाद देवस्थळी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होता. लोकांनी केलेलं काम मोजायचं आणि त्यातली चूक हुडकायची, याचाच त्याला पगार मिळायचा. ही सवय गेटवर ठेवून घरी येणं त्याला कधी जमलं नाही. दुधाचं माप, कंडक्टरने दिलेली चिल्लर, भाजीवालीच्या तराजूची दांडी, सगळ्याकडे तो डोळे बारीक करून बघायचा. त्याची बायको शैला चिंचवडच्या शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "लग्नात माझ्या गळ्यात हार घालतानासुद्धा यांनी आधी दोरा ओढून पाहिला होता." श्रीपादला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. दोरा कच्चाच निघाला होता.

१९७८ साली त्याने आणि अनंत सबनीसने मिळून अपघातात चेपलेली एक फियाट घेतली. अनंत त्याच कंपनीत, खरेदी खात्यात. बोलघेवडा माणूस, कुणालाही पाच मिनिटांत मित्र करणारा, आणि गाडी चालवण्यात वाघ. पुण्याचा एक मोटार क्लब जुन्नरकडच्या घाटात चढणीची शर्यत भरवायचा. तिथे उतरायचं ठरलं. श्रीपादने इंजिन बांधायचं, अनंतने सामान आणायचं आणि गाडी पळवायची, अशी वाटणी झाली. श्रीपादच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन उघडून ठेवलं. सुट्टीच्या दिवशी शैलाच्या कपडे धुण्याच्या दगडावर पिस्टन धुतले जाऊ लागले.

पहिलं भांडण कॅमशाफ्टवरून झालं. इंजिनाच्या झडपा किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात. उंचवटा मोठा केला तर इंजिन वरच्या वेगात पिसाटासारखं पळतं, पण खालच्या वेगात धापा टाकतं.

"घाटात वळणं आहेत," श्रीपाद म्हणाला. "प्रत्येक वळणाला तू गाडी दाबणार आणि मग पुन्हा उचलणार. आपल्याला खालून ओढ पाहिजे. मूळचाच कॅम बरा."

"अरे, मूळचा कॅम टॅक्सीला असतो! आपण शर्यतीला चाललोय राव."

आणि पुढच्याच आठवड्यात अनंत मुंबईहून एक लाकडी खोका घेऊन आला. आत मेणकागदात गुंडाळलेला कॅमशाफ्ट. खोक्यावर इंग्रजी छापाचं लेबल.

"थेट इंग्लंडचा. रेसिंगचा."

"आला कसा? आयातीचं परमिट?"

"मुंबईचा एक व्यापारी बोटीवरच्या माणसाकडून मागवतो. तू कशाला चौकशा करतोस? बसव."

खरेदी खात्याच्या कामासाठी अनंत मद्रासला गेला आणि श्रीपाद त्या खोक्यासमोर बसला. लेबल कोरं करकरीत होतं, पण खिळे जुन्याच भोकांत पुन्हा ठोकलेले होते. त्याने बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर काढला. झडप जास्त उघडणार होती, हे खरं. पण उंचवट्याच्या मागची गोल बाजू मूळच्या कॅमपेक्षा बारीक भरली. म्हणजे हा दांडा नव्याने घडवलेला नव्हता. कुणीतरी जुनाच दांडा खोल घासून त्यावर उंचवटा मोठा केला होता. मग त्याने उंचवट्याच्या कडेला हलकेच कानस लावली. कडक पोलादावरून कानस घसरते. इथे ती चावली. घासताना वरचा कडक थर निघून गेला होता. घाटातल्या दोनचार फेऱ्यांत हे उंचवटे झिजून सपाट झाले असते.

माल खोटा निघाला याचं श्रीपादला नवल वाटलं नाही. त्याला प्रश्न पडला तो अनंतचा. खरेदी खात्यातला माणूस, रोज व्यापाऱ्यांना पाणी पाजणारा, असा सहज फसेल? की त्यात त्याचाही काही वाटा आहे?

"त्यांनाच विचारा की," शैला म्हणाली.

"विचारलं तर सावध होईल."

"सावध व्हायला ते काय चोर आहेत?"

श्रीपाद खोक्याचं झाकण ठोकायला लागला.

पक्कं करायला तो खोका घेऊन दापोडीला गेला. रेल्वेलाइनीच्या कडेला त्याच्या ओळखीच्या दौलतराव कदमांचं ग्राइंडिंगचं दुकान होतं. दौलतराव साताऱ्याकडचे. आधी कारखान्यात होते, मग स्वतःचं मशीन घातलं. श्रीपादने खोक्यातून काढलेला कॅमशाफ्ट त्यांनी हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि एकदा दाराकडे नजर टाकली.

"कुठनं आनला?"

"ते नंतर. माल कसा आहे, सांगा."

"बरा हाय की. बाहेरचाच हाय." दौलतरावांनी तो घाईघाईने कागदात गुंडाळून परत दिला. एरवी चहा पाजल्याशिवाय न सोडणारा माणूस, पण तेव्हा त्यांनी मशीनच सुरू केलं. बाहेर पडताना श्रीपादची नजर फळीवर गेली. तिथे तसलाच तपकिरी मेणकागद घडी करून ठेवला होता.

परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात सगळं जुळून आलं. दौलतराव त्यात आहेत. अनंतही आहे. दोघं मिळून आपल्याला बनवतायत.

त्याने विलायती कॅम शेडमधल्या ट्रंकेच्या मागे सारला आणि मूळचाच कॅम इंजिनात घातला. त्यावर मात्र त्याने जीव ओतला. झडपांच्या बैठका हाताने घासल्या, हेडचा तळ थोडा घासून उतरवला, कॅमचं चक्र दांड्यावर पक्कं धरणारी पाचर कानशीने घासून झडपा किंचित लवकर उघडतील असं केलं. अनंत परत येण्याआधी इंजिन जुळवून बंद केलेलं होतं. शेडला नवं कुलूपही लागलं होतं.

चाचणीला अनंतने गाडी तळवड्याच्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंना तेव्हा नुसती ज्वारीची रानं होती. परत आला तो लहान मुलासारखा खूश होऊन.

"काय ओढते राव! बघितलंस विलायती कॅमचा गुण? आणि तू नाक मुरडत होतास."

श्रीपाद त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. किती सराईत नाटक करतो, असं त्याच्या मनात आलं.

शर्यतीच्या सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाड्या लागल्या. अनंतने नाव नोंदवून दारावर आकडा चिकटवला. त्याशेजारचं अक्षर बघून श्रीपाद थबकला. ते सुधारलेल्या इंजिनांच्या गटाचं होतं. बरोबरच होतं म्हणा. साध्या गटात थोडीफार घासाई चालायची, पण कॅम बदललेली गाडी चालत नसे, आणि अनंतला तर वाटत होतं की कॅम बदललाय. तेव्हाच एक शब्द बोलला असता तर गट बदलून मिळाला असता. श्रीपादने तोंड उघडलंसुद्धा. पण मग त्याला वाटलं, होऊ दे. याची लबाडी कधीतरी उघडी पडायलाच हवी.

अनंतने गाडी जीव खाऊन चालवली. एका वळणाला तर मागचं चाक कडेच्या खडीवर गेलं आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकला. तरी आपल्या गटात ते तिसरे आले. पुढचे दोघे मोठ्या कार्बुरेटरवाले होते.

श्रीपाद वर माथ्यावर पोचला तेव्हा अनंतभोवती घोळका जमला होता. तो हात उडवत इंग्लंडच्या कॅमबद्दल सांगत होता. क्लबचे तपासनीस अण्णासाहेब जहागीरदार मोटारींचे खरे शौकीन. ते म्हणाले, "असा कॅम मी अजून पाहिला नाही. बघू तरी." त्यांनी कव्हर काढायला लावलं, इंजिन हाताने फिरवलं, झडप किती उघडते ते मोजायला तिच्यावर डायल गेज टेकवला. पुन्हा एकदा फिरवलं.

"अहो सबनीस, हा तर मूळचाच कॅम आहे."

"शक्य नाही."

"स्वतः बघा. आणि साध्या गटात उतरला असतात तर तुमची वेळ पहिली होती. कशाला भलत्या गटात गेलात?"

दोन-चार जण हसले. अनंतने वळून श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद बोनेटची दांडी पुसत उभा होता.

परतीलाही गाडी अनंतच चालवत होता. चाकणच्या कांद्याच्या बाजारापाशी त्याने ती कडेला घेतली.

"माझा कॅम कुठंय? विकलास?"

"मी? मी विकेन?" श्रीपादचा आवाज चढला. "खोटा माल माझ्या गळ्यात तू मारलास. तू आणि तुझा तो दापोडीचा दौलतराव."

"कोण दौलतराव?"

अनंतने हे इतक्या सरळपणे विचारलं, की श्रीपादने त्याला दापोडीलाच चल म्हटलं.

त्यांनी घरून ट्रंकेमागचा कॅम उचलला आणि दापोडी गाठली. दुकानात शिरताच श्रीपादने तो दौलतरावांच्या पुढ्यात ठेवला. दौलतरावांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि स्टुलावर बसले.

"माज्याच हातची घासाई हाय ही, साहेब. मुंबैचा एक व्यापारी जुने दांडे धाडतो, मी घासून देतो. त्याला म्हनलो व्हतो, इतकं खोल घासू नगा, नरम पडंल, टॅक्सीला कसाबसा चालंल. तो विलायती म्हनून इकतो, हे मला ठावं नव्हतं. तुमी त्या इंग्रजी लेबलाच्या खोक्यातनं काढला तवा कळलं."

"मग त्या दिवशी बाहेरचा म्हणून का सांगितलंत?"

"भ्यालो. तुमी कंपनीतली मानसं. म्या केलेली फसवणूक समजून पोलिसात दिलं असतं तर?"

श्रीपादने अनंतकडे बोट केलं. "यांना ओळखता?"

"न्हाई. आजच बघतोय."

बाहेर आल्यावर अनंत रेल्वेच्या फाटकापाशी थांबला.

"खोटा आहे हे कळल्यावर मला सांगितलं असतंस, तर मीच तो नदीत फेकला असता," तो म्हणाला. "मला मुंबईत कुणी बनवलं याचं इतकं नाही रे. पण मी त्या कड्यावरून गाडी घालत होतो ती तुझ्या हातच्या इंजिनाच्या भरवशावर. आणि तू खाली उभा राहून मी पकडला जायची वाट बघत होतास."

श्रीपादने माफी मागितली. ती त्याला नीट मागता आली नाही. अनंत बस पकडून निघून गेला. पुढे तो मुंबईला जाऊन त्या व्यापाऱ्याशी भांडूनही आला. व्यापाऱ्याने ओळखच दाखवली नाही.

कित्येक महिने दोघं कंपनीच्या कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवले. श्रीपादने शेडचं कुलूप काढून टाकलं, पण आत पाऊल टाकलं नाही. एकदा शैलानेच परस्पर अनंतला निरोप धाडला, की गाडीवर कोंबड्या बसायला लागल्यात, निदान ती तरी घेऊन जा. त्या रविवारी अनंत आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "शर्यत फेब्रुवारीत आहे. मी चालवीन. पण इंजिन जुळवून बंद करताना मी समोर बसणार."

तसंच झालं. साध्या गटात उतरायचं ठरलं. अनंत पाट टाकून बसायचा आणि श्रीपाद प्रत्येक तुकडा आत घालण्याआधी त्याच्या हातात द्यायचा. अनंत तो उलटापालटा करून बघायचा. त्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"हे कशाला?" तो विचारायचा.

श्रीपाद सांगायचा. कधी एकदा, कधी अनंतचं समाधान होईपर्यंत तीनदा. मग अनंत मान हलवायचा, आणि त्यानंतरच श्रीपाद पाना उचलायचा.