बिनपोरांच्या रांगेत ब्रेककाका

ब्रेककाकांनी उभा जन्म शाळेच्या बसच्या स्टिअरिंगमागे काढला. नाव पोरांनीच ठेवलेलं. मागचा दंगा हाताबाहेर गेला की काका ब्रेकवर जरासा पाय ठेवायचे, सगळी बुडं एकदम सीटवरून उडायची, आणि दंगा कमी होण्याऐवजी पुन्हा करा, पुन्हा करा म्हणून दुप्पट व्हायचा. संध्याकाळी घरी आले की काका डोक्याला रुमाल आवळून पडायचे आणि बायकोला ऐकवायचे, की एकदा तरी पोरं नसलेल्या गाडीतून फिरायचंय, मग मेलो तरी चालेल.

काकूंनी हे अगदी मनावर घेतलं. काका निवृत्त झाले आणि मुलीकडे जायचं ठरलं. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. त्या विमानात पुढच्या काही रांगा बिनपोरांच्या होत्या. बारा वर्षांखालच्यांना तिथे मज्जाव. तिकीट अर्थातच महाग. काकूंनी शिवणकामाच्या कमाईतून तिथली एक जागा काकांसाठी घेतली आणि स्वतःची मागे, पोराबाळांत. नवऱ्याला त्याच्या जागेवर बसवून त्या मागे निघाल्या तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. त्याने मागितलेली एक तरी गोष्ट आपण देऊ शकलो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

विमान उडालं. मधला जाड पडदा ओढला गेला आणि मागचा कलकलाट तिथेच अडला. शेजारच्या गृहस्थांनी डोळ्यांवर पट्टी चढवता चढवता कुजबुजत मत दिलं, की रांगा कसल्या, आख्खी विमानंच बिनपोरांची हवीत. हे गृहस्थ बहुधा चाळिशीचेच जन्माला आले असावेत. काकांनी मान डोलावली, पाय ताणले आणि सुखाने डोळे मिटले.

पण झोप येईना. पाठीमागे चिडीचूप होतं. समोरचा माणूस वेफर्स खात होता, तेही चावून नव्हे, जिभेवर विरघळवून. आणि काका डोळे उघडून ताठ बसले. कारण बसमध्ये मागे आवाज असला की सगळं आलबेल. मागे शांत झालं की काहीतरी शिजतंय. एकदा असंच शांत झालं तेव्हा एका मुलीच्या दप्तरात मांजरीची पिल्लं निघाली होती. एकदा एकाचं डोकं खिडकीच्या गजांत अडकलं होतं आणि बाकीचे ते तेल लावून सोडवायच्या बेतात होते. काकांचे डोळे आरसा शोधू लागले. विमानात कुठला आरसा? त्यांनी मान वळवून पाहिलं. रांगेमागून रांग, पट्ट्या बांधलेली, टोप्या ओढलेली मोठी माणसं, आणि कुणाचा हूं नाही की चूं नाही.

काकांचा धीर सुटला. ते ताडकन उभे राहिले आणि बसमधल्या त्यांच्या त्या ठेवणीतल्या आवाजात गरजले, "कोण काय करतंय रे तिकडे?"

आख्खी रांग जागच्या जागी उडाली. पट्टीवाल्या गृहस्थांनी शेजारणीचा हात घट्ट धरला, कुणाचा तरी रस कुणाच्या तरी मांडीवर गेला, आणि मागच्या रांगेतल्या भारदस्त बाईंनी घाईघाईने, आपण काही केलेलं नाही, असं सांगून टाकलं. एअर होस्टेस धावत आली. काकांनी ओशाळून तिला विनवलं, की मला मागे पाठवा. ती चकित झाली. मागून पुढे येण्यासाठी लोक तिच्या विनवण्या करत. उलटी विनंती तिने नोकरीत पहिल्यांदाच ऐकली होती.

मागे नुसता बाजार भरला होता. खिडकीशी पाच-सहा वर्षांची मुलगी, मध्ये काकू, कडेला कुठल्याशा कंपनीचा फिरता विक्रेता. त्याच्या पाठीत मागची पोरं मघापासून लाथा हाणत होती. जागा बदलून हवीय का, हा एअर होस्टेसचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत तो पडद्यापलीकडे पोचला होता.

काकूंचा चेहरा मात्र पडला. "आवडली नाही जागा?"

काकांना कसंनुसं झालं. "जागा झकास गं. तू दिलीस ना, मला फार बरं वाटलं. पण तिकडे इतकं शांत आहे की मला भीती वाटते."

काकूंना हसू फुटलं, ते उचकी लागेपर्यंत थांबेना. "मग इतकी वर्षं डोकं दुखतंय म्हणून माझं डोकं खाल्लंत ते?"

"दुखायचंच की," काका म्हणाले. मागून पाठीत एक सणसणीत लाथ बसली. त्यांनी समाधानाने पट्टा आवळला आणि पुढच्याच क्षणी घोरायला लागले.

घोरणं असं, की लाथा थांबल्या. तान्ही पोरं रडता रडता थबकली. खिडकीजवळच्या मुलीने कानांवर हात ठेवले, थोडा वेळ सोसलं आणि मग एअर होस्टेसला गंभीरपणे विचारलं, "आजोबा नसलेल्या रांगा कुठे आहेत?"

"तशा असत्या तर मी कधीच जाऊन बसले असते," काकू म्हणाल्या, आणि काकांचं घरंगळलेलं डोकं ओढून त्यांनी आपल्या खांद्यावर नीट ठेवलं.

काकांना तेवढ्याने जाग आली. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर काकूंनी खांदा काढून घेतला असता.