वेन्चौची बोली शिकायला भोकरदनला

मोसंबीची प्रतवारी करणारी यंत्रं, लहानमोठी अकरा. उसाचे डोळे काढायचं पायानं चालणारं मशीन, दोन; पैकी एक अजून चालू आहे. घरची पिठाची गिरणी, दगड सोडून सगळी. मोटरसायकलला जोडलेली साइडकार, जिच्यात या प्रवासात माझी बायको मंदा बसली होती. आणि तिच्या मांडीवरची सागवानी पाटी, जिच्यावर आठ तारा आठ तऱ्हांनी वाकवून बसवल्या आहेत. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. आयटीआयला गेलो नाही, कोणा मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो नाही. जे शिकलो ते खोलून, बिघडवून आणि परत जोडून शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रवासात मी एका दवाखान्यात नंबर लावून शिकायला बसलो, आणि वाचणाऱ्यानं मला त्यावरून जोखू नये.

निघायचं कारण असं. चीनमध्ये वेन्चौ शहराजवळ एक कारखाना आहे. तिकडेही संत्र्यासारखं फळ खूप पिकतं. कारखान्याच्या मालकानं माझं मोसंबीचं यंत्र मोबाइलवर पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. चार महिने राहिलो, नमुन्याचं यंत्र उभं केलं आणि महिन्याच्या सुट्टीवर तीर्थपुरीला आलो. आता परत दोन वर्षांसाठी जायचं की नाही, ते कळवायचं होतं.

तिकडे ऑफिसात प्रमाण चिनी चालते आणि कारखान्यात यंत्रांपाशी वेन्चौची बोली. ही बोली इतर चिनी माणसांनाही कळत नाही. खुद्द मालक उत्तरेकडचा, त्यालाही नाही. मला हिंदी जाणणारी दुभाषी बाई दिली होती. तिची हिंदी पुस्तकातली, चहा हवा का हेसुद्धा "श्रीमान, क्या आप चाय ग्रहण करेंगे" असं विचारायची. ती ऑफिसातल्या चिनीतून भाषांतर करायची. बोलीतलं तिला कोणीतरी आधी प्रमाण चिनीत सांगावं लागे.

निघायच्या आदल्या दिवशी तिथले सगळ्यात जुने मिस्त्री, चन मास्तर, माझ्या यंत्रापुढे उभे राहून बोलले. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, म्हणून नक्की सांगतो. मग एकानं ते बाईला सांगितलं आणि बाईनं मला सांगितलं:

"श्रीमान, वे सहमत नहीं हैं।"

नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचे चार-पाच शब्द! त्यात माझ्या यंत्राचा दोष होता, एवढंच मला कळलं. कोणता, ते समजल्याशिवाय मी परत जाणार नव्हतो. आणि जायचंच झालं तर दोन वर्षं त्या बाईच्या तोंडाकडे बघत काढायची की बोली शिकायची, हेही ठरवायचं होतं. सगळे म्हणत होते, प्रमाण चिनी शिका, साऱ्या देशात चालते. बोली पुढच्या बस डेपोपर्यंतच. हिशेबानं बरोबरच होतं ते.

मग कळलं की भोकरदनला एक डॉक्टर आहेत, शीतल मॅडम. डॉक्टरकी वेन्चौला शिकल्या आणि त्यांना ती बोली येते. आपल्याच जिल्ह्यात! मी पाटी बनवायला घेतली. त्या बोलीत आठ सूर आहेत, म्हणजे तेच अक्षर आठ चालींनी म्हणायचं. इंटरनेटवर त्यांच्या रेषा मिळाल्या. साडेतीन मिलिमीटरची तार तशी वाकवली. तारेवरून बोट न्यायचं, बोट चढेल तसा आवाज चढवायचा. मंदा भाजी निवडता निवडता दोन दिवसांत आठही सूर काढायला लागली. माझे पाच.

पहिला दिवस

सकाळी सातच्या आत निघालो. गळीत हंगामात या रस्त्यानं जाणार असाल तर हे वेळापत्रक पाळा. उशीर झाला की अंकुशनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकाल, आणि साइडकारवाल्याला ओव्हरटेक जमत नाही. हवेत मळीचा वास सुरू झाला की समजा, साखर कारखाना आला. तिथे माझा मेव्हणा प्रकाश फिटर आहे. पाळी सुटली होती, त्यानं गेटसमोर पोहे खाऊ घातले.

पाटी बघून म्हणाला, "दाजी, हे शेवया वाळवायचं हाय का?"

"बोली शिकायची पाटी आहे."

"कुठली बोली?"

"वेन्चौची. चीनची."

प्रकाशनं चमचा खाली ठेवला. "आवो, लग्नाला सव्वीस वर्षं झाले. आमच्या अक्कानं एक सांगावं आन् तुम्ही दुसरंच करावं. मराठी बराबर कळंना अन् चीनची शिकून राह्यले!"

"तू पोहे खा," मी म्हणालो. पाटीवरून बोट फिरवत मंदानं सहावा सूर काढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

अंबड, मग जालना. जालन्यात पेट्रोल भरलं. तिथून राजूरमार्गे भोकरदन. माझ्या मीटरवर एकूण एकशे बावीस किलोमीटर झाले. मीटर मीच दुरुस्त केलंय, शंभराला एक जास्त दाखवतं, तेवढे वजा करा. राजूरला चहा आणि भजी घ्या, भजी गरम मागून घ्या. आम्ही थांबलो तर पाटीभोवती सात-आठ जण जमले. एकानं सतार ठरवली, एकानं उंदराचा पिंजरा. एका आजोबांनी तार छेडून बघितली आणि "आवाजच न्हाई हिला," म्हणून नाराज झाले.

"आवाज आपण काढायचा असतो, बाबा," मंदा म्हणाली आणि काढून दाखवला.

आजोबा दोन पावलं मागे सरकले.

दवाखाना

मॅडमच्या दवाखान्यात सवलत नाही. कंपाउंडर म्हणाला, केसपेपर काढा, शंभर रुपये, नंबर चौदा.

"मी पेशंट नाही. मला चिनी बोलीचं काम आहे."

"तक्रार काय लिहू?"

"तक्रार नाही हो."

"तक्रारीशिवाय पेपर निघत न्हाई." त्यानं विचार केला आणि लिहिलं: चिनी बोली, चार महिन्यांपासून.

मॅडम पस्तिशीच्या आतल्या असतील. पेपर वाचून त्या इतक्या हसल्या की आधीच्या पेशंटचं बीपी परत मोजावं लागलं. मग पाटी हातात घेतली, एकेका तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, ही सहावी चुकली. ही सरळ न्हाई, खाली जाते."

साइडकारमधून पक्कड आणली आणि तिथल्या तिथे तार वाकवली. त्यांनी परत बोट फिरवलं. "आता बरोबर."

"मॅडम, ही बोली शिकावी का न्हाई, ते सांगा. दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"मी बी शिकणार नव्हते. वर्गात सगळं प्रमाण चिनीत. तिच्यावर खोली मिळती, बँकेत खातं निघतं, रेल्वेचं तिकीट मिळतं. मंग वॉर्डात टाकलं. तिथं सत्तर-सत्तर वर्षांच्या आज्या. प्रमाण चिनीत विचारलं तर सगळ्या म्हणायच्या, ठीक आहे, काही न्हाई. बोलीत विचारलं की पोटावरचं पांघरूण काढून दाखवायच्या." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "पण आधीच सांगते, मला त्यांची बाजारातली, भांडणाची, लग्नातली भाषा येत न्हाई. मला फक्त आजारी माणसाची येती. चालेल का?"

चालेल म्हणालो. दुसरा मास्तर जिल्ह्यात नव्हता.

मग दोन पेशंटांच्या मध्ये एक वाक्य, असं शिक्षण सुरू झालं. कुठे दुखतं. कधीपासून. दाबल्यावर दुखतं का. जीभ दाखवा. श्वास घ्या, सोडा. बाहेरच्या बाकावरचेही म्हणायला लागले. खोकल्याचे एक म्हातारबाबा तपासायला बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला बी तसंच इचारा, चीनवानी." मॅडमनी विचारलं. बाबांनी छातीवर हात ठेवून मराठीत सगळं सांगितलं, आणि उठता उठता म्हणाले, या भाषेत जरा खोलवर तपासल्यासारखं वाटतं. ती वाक्यं इथे लिहून देत नाही. देवनागरीत आठ सूर दाखवायची सोय नाही, आणि अर्धवट लिहिलेलं मला चालत नाही.

पेशंट संपल्यावर मी रेकॉर्डिंग लावलं. मॅडमनी मोबाइल कानाशी धरला. थांबवलं, मागे घेतलं, परत ऐकलं. मग केसपेपर ओढून लिहायला लागल्या.

"मशीनबद्दल काय म्हणतात ते मला अर्धंच कळतं. पण गुडघ्याचं सगळं कळतं."

"कोणाच्या गुडघ्याचं?"

"त्यांच्याच. डावा गुडघा, आठ वर्षं. उकिडवं बसता येत न्हाई. उठताना कट्‌ असा आवाज येतो. आणि म्हणतात की रोज चाळीस वेळा खाली बसावं लागतं ते... ते कशापाशी, हा शब्द मला येत न्हाई."

मला येत होता. पट्ट्याचा ताण कमीजास्त करायचा नट. जमिनीपासून अकरा इंचांवर. फळाचा आकार बदलला की तो फिरवावा लागतो. मी जन्मभर पाटावर उकिडवं बसून काम केलं. माझ्या शेडमध्ये टेबल नाही. अवजारं जमिनीवर, जॉब म्हणजे घडायचा तुकडा जमिनीवर, म्हणून नटही जमिनीपाशी. अकराही यंत्रांना तिथेच, आणि तिकडच्या नमुन्यालाही. हा दोष असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, कारण ती माझ्या हाताची जागा होती.

"शेवटी काय म्हणतात?" मी विचारलं.

मॅडमनी शेवटचं दोनदा ऐकलं. "म्हणतात, हात चांगला आहे. पण यंत्र बनवणारा कधी म्हातारा व्हायचा न्हाई, असं दिसतं."

तेवढ्यात मागून मंदाचा आवाज आला.

"सहा वर्षं झाले, मी हेच म्हणून राह्यले."

"काय?"

"शेडातल्या मशीनचा नट वर घ्या म्हणून. दर मोसंबीला म्हणते. परवा दिवाळीत बी म्हणल्ते."

"तू तर गुडघा दुखतो म्हणून सांगत होतीस."

"मंग गुडघ्याचंच तर सांगत होते! तुम्ही काय केलं? बाम आणून दिला."

यावर मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं दुसरा केसपेपर काढला. "काकू, कोणता गुडघा?"

"उजवा."

"कधीपासून?" हे त्यांनी वेन्चौच्या बोलीत विचारलं. मंदानं बोटांवर सहा मोजून दाखवली आणि तेच 'कधीपासून' परत म्हणताना सूरही बरोबर लावला.

मुक्काम बसस्थानकाजवळच्या लॉजवर केला. खोली स्वच्छ, पलंग एका पायानं बुटका. पत्र्याची घडी करून तो मी बरोबर केला. लॉजवाल्यानं पाण्याच्या बाटलीचे पैसे घेतले नाहीत.

दुसरा दिवस आणि घर

सकाळी ओपीडी उघडायच्या आधी आणखी वाक्यं घेतली, एकूण एकेचाळीस झाली. मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं: दिवसातून तीनदा, जेवणानंतर, मोठ्यानं. परत येताना जालन्यात थांबून आट्यांचा लांब रॉड आणि दोन बेअरिंग घेतले. दुपारी घरी पोचलो. संध्याकाळपर्यंत शेडमधल्या मशीनचा नट अकरा इंचांवरून चौतीस इंचांवर आणला. मंदानं उभ्यानं फिरवून बघितला, दोनदा. मग चहा करायला गेली. तिचं समाधान मला एवढ्यावरूनच कळतं. आता कळतं, असं म्हणतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे तिकडच्या साडेनऊला, व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर दुभाषी बाई, तिच्या मागे मालक, आणि मागे यंत्राशेजारी चन मास्तर. मी बाईला थांबा म्हणालो. पाटी समोर ठेवली, तारेवर बोट ठेवलं आणि मास्तरांना त्यांच्या बोलीत विचारलं: डावा गुडघा कसा आहे?

मग मी मोबाइल फिरवून चौतीस इंचांवरचा नट दाखवला. मंदानं उभं राहून तो फिरवला.

मास्तर कॅमेऱ्याजवळ आले. पँटचा पाय वर गुंडाळला आणि गुडघा दाखवला. मी विचारलं, दाबल्यावर दुखतं का? ते बोलायला लागले. ते बोलतात हे बघून वेल्डर आला, त्यानं कोपर दाखवलं. रंगाऱ्यानं जीभ दाखवली, मी मागितली नव्हती. मग पॅकिंगवाल्या बायका आल्या. पडद्यासमोर रांग लागली. मी क्रमानं विचारत गेलो, कुठे, कधीपासून; आणि मंदा, मॅडमचं बघून, वहीत लिहीत गेली: वेल्डर, उजवं कोपर, ग्राइंडरची मूठ जाड आहे. पॅकिंग, कंबर, टेबल बुटकं. सगळं समजत नव्हतं. पण माणूस जिथे हात ठेवतो तिथे मशीनचा कोणता भाग येतो, ते मला कळतं.

मालक मागे उभा राहून बघत होता. नंतर बाईनं सांगितलं की नऊ वर्षांत त्याच्यासमोर ही माणसं एवढी कधी बोलली नव्हती.

तर, बोली शिकावी का? जे तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणार आहेत त्यांनी प्रमाण चिनी शिकावीच, त्याशिवाय खोलीसुद्धा मिळणार नाही. मी बोली शिकणार आहे. एकेचाळीस वाक्यं झालीत, बेचाळिसावं चन मास्तरांकडून घेईन. उरलेल्या दहा यंत्रांचे नट उचलायला प्रकाशला सांगितलंय. पाटी स्वयंपाकघरात टांगली आहे. मंदा आठही सूर काढते, माझे सहा झाले.

पुढच्या महिन्यात परत चाललोय. आधी ठरलेल्या पगारावर, फिटर म्हणून, चन मास्तरांच्या हाताखाली. कॉलनंतर दोन दिवसांनी मालकाचा दुसरा प्रस्ताव आला होता. तो मी नाकारला, तोही नोंदवून ठेवतो: यंत्राला हात लावायचा नाही, मालकाशेजारी खुर्चीवर बसायचं आणि त्याचीच माणसं काय म्हणतात ते त्याला सांगायचं; हुद्दा बोलीचे प्रमुख दुभाषी, पगार महिना दोन लाख दहा हजार रुपये.