तीन नंबरचं मशीन

सायबर कॅफेवाला गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसला की लोकांना हायसं वाटतं. मी कायम भिंतीकडे तोंड करून बसायचो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. वसई स्टेशनजवळच्या गाळ्यात मी सहा मशीनं मांडली. सुताराने प्रत्येकाभोवती प्लायवुडचा कप्पा केला, पुढे पडदा. आई आमच्या गावाहून, सांडोरहून, बघायला आली. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ते इथे सरळ करून लिहितोय. म्हणाली, "हे काय, चर्चमध्ये फादरपुढे बसवतात तसं लोकांना पापनिवेदनाला बसवणार होय रे तू?"

फोनची लाइन एकच होती, त्यामुळे पानं रखडत उघडायची. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी एका मोडक्या मशीनवर लिनक्स चढवलं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की गाळ्याचं शटर अर्धं ओढून तेच करत बसायचो. ते मशीन बाकीच्या सहांच्या आणि इंटरनेटच्या मधे बसलं. सगळी पानं त्यातून जायची. एकाने उघडलेलं पान ते साठवून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला लवकर मिळे. हे सगळं फुकट, आणि कसं बनवलंय तेही उघडं. वाचा, बदला, पुढे द्या. लहानपणी भिंतीवरचं घड्याळ खोललं म्हणून मी मार खाल्ला होता. इथे खोलून बघा म्हणूनच दिलेलं होतं.

खोलता खोलता एक फाइल सापडली. तिच्यात ओळी वाढत असायच्या: वेळ, मशीनचा नंबर, पानाचा पत्ता. कोणी मेलमध्ये काय लिहिलं ते दिसत नसे, पण कोण कुठे जाऊन आलं ते सगळं दिसे. ही नोंद सेटिंगमधली कुठली ओळ बदलली की बंद होते, ते मला माहीत होतं. मी ती बदलली नाही.

सुरुवातीला गंमत होती. एक रिटायर्ड मास्तर दर खेपेला स्वतःचंच नाव शोधायचे. त्यांना ते कधी सापडलं नाही. एक कडक सासूबाई केकच्या कृती बघायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "काही नाही हो, पत्र आलंय का बघत होते." माणसं आत काय असतात आणि बाहेर काय सांगतात, याचं मला वेड लागलं. वाईट हेतू नव्हता. पण चांगलाही नव्हता.

दादा शनिवारी दुपारी यायचा. वाडीतली केळी पोचवून झाली की तीन नंबरवर बसायचा. "काय बघतोस?" विचारलं की म्हणायचा, "केळ्यांचा भाव." फाइलमध्ये न्यूझीलंड होतं. तिथल्या फळबागांतली कामं, व्हिसाचे नियम, कुठल्याशा लहान गावाचं हवामान. शनिवारामागून शनिवार.

एका रविवारी जेवताना आई म्हणाली, पावसाआधी पंपाची खोली शाकारायला दादाला सांगायला हवं. मी म्हणालो, "त्याला काय सांगतेस? तो चाललाय न्यूझीलंडला." मला फक्त माहीत असल्याचा तोरा मिरवायचा होता. आईने डाळ वाढली. "कोण बोललं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "कळतं."

तिने दादाला एक शब्द विचारला नाही. पण त्याच आठवड्यात वडिलांनी, ज्यांनी आजवर त्याला पाणी कुठल्या सरीला सोडायचं तेही ठरवू दिलं नव्हतं, पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "आता तूच बघ." मावशीने स्थळ आणलं. पुढे एका शनिवारी मी फाइल उघडली, तर तीन नंबरवर दादा खरोखरच केळ्यांचा भाव बघत होता.

त्या दिवशी मी ती ओळ बदलली. जुनी फाइल पुसली.

दादाचं लग्न झालं, मुलं झाली, वाडी त्याने राखली. कॅफे बंद पडला, मी नोकरीला लागलो. एकच गोष्ट विचित्र राहिली. दादा पापनिवेदनाला जाईना. मिस्सेला यायचा, पण नाताळाआधी सगळे पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले की हा बाहेर सायकली मोजत उभा. घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी पापनिवेदनात मी स्वतः ते फाइल वाचल्याचं पाप सांगितलं. इतकी वर्षं दहा आज्ञांत ते कुठे बसतं तेच ठरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "फादर, चोरी केली." फादर तरुण होते. सगळं ऐकून म्हणाले, "चोरलेलं परत करावं लागतं."

माहिती परत कशी करायची? वाडीत गेलो. दादा केळीची पानं कापत होता.

"दादा, तू कॅफेत न्यूझीलंडचं बघायचास."

कोयता चालूच होता. "हं."

"मला माझ्या मशीनवर दिसायचं. आईला मीच सांगितलं."

कोयता थांबला. "तू?"

"मी."

"आणि मला वाटलं, फादरनी सांगितलं."

कळायला मला क्षण लागला. आईबापाला टाकून जायचं मनात येतंय, असं त्याने तेव्हाच्या आमच्या म्हाताऱ्या फादरना पापनिवेदनात सांगितलं होतं. दुसऱ्या कुणालाच नाही; आणि पापनिवेदनातलं फादरनी कुणापाशी बोलायचं नसतं. मग किल्ली आली, स्थळ आलं. त्याने हिशेब जुळवला.

"इतकी वर्षं मी त्या माणसाला साधा नमस्कार केला नाही," तो म्हणाला. "ते समोर आले की रस्ता बदलायचो. दोनदा घरीसुद्धा आले होते विचारायला, काय झालं बाबा. मी आतूनच सांगितलं, घरात नाही."

तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आहेत ना अजून ते?" त्याने विचारलं.

"आहेत. निर्मळला असतात. थकलेत."

त्याने कोयता पानावर पुसला, आत जाऊन शर्ट बदलला, केळ्यांची एक चांगली फणी पिशवीत घातली. "स्कूटर काढ. सांगायचं तू. मी नुसता पाया पडेन."

निर्मळच्या वळणावर त्याने मागून विचारलं, "हवामान बघायचो, तेसुद्धा दिसायचं तुला?"

"दिसायचं."

"आपल्याकडे उन्हाळा असला की तिकडे थंडी," दादा म्हणाला. "सावकाश घे, खड्डा आहे."