केशोरीच्या बोडीला दम लागतो

लडाखला जाऊन आल्यापासून विरळ हवा या विषयावर मी कोणालाही सोडत नाही. यंदा पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "तिथे सगळं सपाट आहे. निदान त्या लोकांना तरी दम घेऊ द्या."

सडक अर्जुनीला ढाब्यावर चहा पिता पिता पुढची बस चुकवली. केशोरीत जिथे मुक्काम ठरला होता, त्या फुलाबाईंच्या घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. त्या ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार. गावातल्या दहा बायकांनी यंदा पहिल्यांदाच बोडीत (लहान तळ्यात) स्वतः मासे सोडले होते. "बायकाईच्यानं होत नाही म्हणते गाव," त्या भात वाढताना म्हणाल्या. झिंग्यांचा रस्सा इतका झणझणीत होता की मी तीनदा भात मागून घेतला.

सकाळी एकटाच बोडीवर गेलो. दोन दिवसांचं मळभ, वारा नावालाही नाही. पाण्यावर शेकडो कतला-रोहू तोंडं उघडून आलेले. पाहुणचार करावा म्हणून मी पिशवीतले मुरमुरे टाकू लागलो.

"काऊन टाकून राहिले जी?" मागून फुलाबाई धावत आल्या. "भुकेले नाही ते. दम कोंडून राहिला त्यायचा. ऊन नाही, पाण्यातली हवा सरली. अन् परवा माह्याच हातानं शेण टाकलं, मासोळी वाढाले. शेण सडते तं तेही हवा खाते. आभाळ पाहाले पायजे होतं."

विरळ हवेचा मी एवढा जाणकार, पण डोळ्यांसमोरची घुसमट मला भूक वाटली. फार लाज वाटली.

त्यांनी हाका मारल्या. बायका बांबू, घमेली घेऊन पाण्यात उतरल्या. दोन म्हशीही आत घातल्या. पाणी बडवायचं, उडवायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. मीही उतरलो आणि दहा मिनिटांत धापा टाकू लागलो.

"भाऊ, आता तुमीच तोंड वासून राहिले," एक बाई म्हणाली. त्या धांदलीतही सगळ्या हसल्या.

ऊन पडलं, तसं एकेक तोंड बुडालं. टोपलीभर मासे मेले, बाकीचे तगले. फुलाबाई बांधावर बसून आधी रडल्या, मग एकही तोंड वर नसलेल्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. निघण्याआधी मी त्याच पाण्याचा फोटो काढला.

घरी आता लडाखचे फोटो बाजूला पडलेत. हा एकच दाखवतो. लोक विचारतात, "नुसतं पाणी? यात आहे काय?"

मी सांगतो, "मासे."