बगळा आणि गळका तलाव

त्याला सगळे बगळा म्हणत. साठी ओलांडलेला, लांब नाकाचा, काडीसारख्या पायांचा माणूस. घरोघरच्या पोहण्याच्या तलावांची गळती शोधणं हा त्याचा धंदा. कामाच्या दिवशी तो न्याहारी करत नसे. भरल्या पोटी श्वास मोठा होतो आणि पाणी हलतं, असं त्याचं म्हणणं. अंगाला साबणही लावून येत नसे, पाण्यावर तवंग येतो म्हणून. चाळीस वर्षं मी रंगमंचावर काढली, भल्याभल्या नटांना निश्चल उभं राहताना पाहिलं. पण कंबरभर पाण्यात बगळ्यासारखा उभा राहणारा दुसरा पाहिला नाही.

माझ्या ताईकडे तो आला तो बुधवारी सकाळी. मागच्या अंगणातला तलाव रोज चार बोटं उतरत होता. उताराखालच्या घराची भिंत ओली झाली होती आणि तिथला शेजारी दोनदा येऊन ओरडून गेला होता. शेवटी त्याच सकाळी भाच्याने जाहीर केलं, "उद्या बाराला मातीचे ट्रक येतील. बुजवून टाकायचा. भिंत कुणाच्या अंगावर पडली तर?"

त्याचं चुकत नव्हतं. पण भावोजींचं उजवं अंग पक्षाघाताने गेलं होतं. जमिनीवर दोन पावलंही टाकू न शकणारा तो माणूस पाण्यात कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असे. तलाव गेला की भावोजी खुर्चीत बसणार ते कायमचे. घरात हे सगळ्यांना कळत होतं.

बगळ्याने तलावातलंच पाणी एका बादलीत भरलं, बादली पहिल्या पायरीवर ठेवली. बादलीच्या आत एक आणि तलावाच्या भिंतीवर एक, अशा पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या.

"उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उडतं," तो म्हणाला. "तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर ती गळती. किती जोराची आहे तेही कळेल. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

गुरुवारी सकाळी पाहतो तर दोन्हीकडचं पाणी बरोबर खुणेला! बगळा बादलीकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याला शिवी दिली होती.

"दिवसभर उन्हात राहिलेली बादलीसुद्धा उतरली नाही? ताई, कुणी पाणी घातलं?"

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. "यांना चालायचं होतं हो. मी खुणेपर्यंत भरला."

"आणि बादली?"

"तिच्यातही तांब्याने घातलं, खुणेपर्यंत. एकालाच घातलं तर तुमचं गणित चुकेल ना!"

मी हसू दाबलं. भाच्याने नाही दाबलं. "झालं! आईने दोघांना समान न्याय दिला. आता लावू दे या बगळ्याला ध्यान. मामा, बगळे ढोंगी असतात म्हणे."

बगळ्याने ते ऐकलं. घड्याळ पाहिलं. नऊ. त्याने पंप बंद केला, विजेचं मुख्य बटण बंद केलं आणि पाण्यात उतरला. मग तासभर नुसता उभा राहिला, पाणी शांत होईपर्यंत. आम्हालाही काठावर पाय आपटायची बंदी होती.

दहा वाजता त्याने सिरिंज काढली. तिच्यात लाल रंग होता. जिथे गळती असते तिथे पाणी आत ओढलं जातं, आणि रंगही. कोपऱ्यातल्या चिरेशी, जिच्यावर सगळ्यांचा संशय होता, त्याने एक थेंब सोडला. रंग जागच्या जागी तरंगला, पसरला, विरला. पाणी ओढून घेणाऱ्या झडपेच्या तोंडाशी, तेच. तळाच्या जाळीशी तो बुडी मारून गेला, धापा टाकत वर आला, मान हलवली. पायऱ्यांचे सांधे झाले. अकरा वाजून गेले. भावोजी खुर्चीतून एकटक बघत होते आणि त्यांचा चांगला हात गुडघ्यावर सारखा उघडत-मिटत होता.

"त्या दिव्याजवळ नाही पाहिलंत," ताई हळूच म्हणाली. भिंतीत, पाण्याखाली, ताटाएवढा दिवा होता.

"तो मी बसवलाय, ताई. पंधरा वर्षांपूर्वी. तिथून थेंब जायचा नाही."

फाटकाशी हॉर्न वाजला. ट्रक लवकर आले होते. भाचा चपला घालू लागला.

"बघा हो एकदा," ताई म्हणाली. आवाज असा की मीच उठून उभा राहिलो.

बगळा दिव्याकडे वळला. तीन पावलं, पण त्यांना केवढा वेळ लागला! त्याने श्वास रोखला आणि दिव्याच्या कडेशी रंग सोडला. लाल धागा क्षणभर थांबला. मग सरळ, सुईत दोरा जावा तसा, दिव्यामागे निघून गेला. त्याने पुन्हा सोडला. पुन्हा गेला.

तेव्हा कठड्यावर मी एकटाच वाकलो होतो. बाकीच्यांना दुरून काही दिसलं नव्हतं. चिरेचं नाव घेऊन दिवा गुपचूप दुरुस्त करणं त्याला सहज शक्य होतं. मी काही बोललो नसतो.

तो भाच्याला हाक मारून म्हणाला, "सापडली. दिव्यामागून तारेची नळी जाते, तिचं तोंड बुजवायचं असतं. मी बुजवलं नव्हतं. इतकी वर्षं नळी शाबूत होती, आता कुठेतरी फुटली असणार. चूक माझी. सबंध सकाळ मी चार ठिकाणी हिंडलो आणि स्वतःच्या कामावर संशय घेतला नाही."

भाचा चप्पल अर्धी घालून तसाच उभा. "तुम्हीच चुकलात, आणि तुमच्यावरच भरवसा ठेवू?"

"नका ठेवू. नळीचं तोंड आता बंद करतो. उद्या बारापर्यंत पट्टी घेऊन तुम्ही मोजा. मी येणारही नाही. चार बोटं उतरला तर बुजवा."

फाटकाशी दुसरा हॉर्न. भाच्याने वडिलांकडे पाहिलं. भावोजींनी नजर वळवली. पोटच्या पोराकडे मागणं त्यांना जड गेलं असावं. भाचा फाटकाकडे गेला. आवाज आले, वाद झाला, आणि ट्रक उलटे फिरल्याचं आम्ही ऐकलं.

शुक्रवारी बाराला भाच्याने पाण्यात पट्टी धरली. दोनदा पाहिलं, मग मला बघायला लावलं. काडीभर उतरलं होतं, तेवढं तर ऊनच पितं. त्याने पट्टी खाली ठेवली. खुर्ची ढकलत पायरीपर्यंत आणली आणि वडिलांच्या काखेत हात घातला.

भावोजींचा पाय पाण्याला लागला.

"गार आहे रे," ते कुरकुरले, आणि दुसरं पाऊल टाकलं.